टोन लावला, खरखर थांबली

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आमंत्रण द्यायला आलेली मुलं म्हणाली, "काका, हॅम रेडिओवर काहीतरी बोला, पण कंटाळवाणं नको." म्हणजे विषयही त्यांनीच दिला आणि अटही त्यांनीच घातली. आमच्या सौ. म्हणाल्या, विषय जमेल, अट जमणार नाही. बघू या.

हा विषय मुलांना का सुचला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी विसर्जनाला आपण शिवनाथच्या घाटावर गेलो होतो. समितीने चार छोटे वॉकी-टॉकी सेट आणले होते. ४४६ मेगाहर्ट्झचे, ज्यांना आपल्या देशात २०१८ पासून परवाना लागत नाही, ते. एक सेट पुढे घाटावर, एक ट्रकच्या केबिनमध्ये. घाटावरचा कार्यकर्ता जीव तोडून सांगतोय, "ट्रक डावीकडून आणू नका, चिखल आहे." केबिनमधला आपल्याच तालात, "आम्ही वळलो, आम्ही आलो." याला त्याचं सगळं ऐकू येतंय, त्याला याचं काहीच नाही. ट्रक डावीकडूनच आला, मागचं चाक रुतलं, आणि बाप्पांना पाऊण तास तिथेच ताटकळावं लागलं. रात्री दोघांचं चांगलंच जुंपलं. "तू मुद्दाम ऐकलं नाहीस." "अरे, तू बोललासच नाहीस!" दोघेही खरं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सेट माझ्याकडे आले. चॅनेल दोन्हीकडे पाचच. पण ट्रकमधल्या सेटवर पाचाच्या बाजूला बारीक अक्षरात १२ हा आकडा होता आणि घाटावरच्या सेटवर ती जागा रिकामी. एवढाच फरक.

तो १२ म्हणजे काय, याचंच आजचं भाषण आहे.

वॉकी-टॉकीवर आपण बोलतो तेव्हा आवाजाचा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचा भाग जातो. त्याच्या खाली, ३०० च्या आत, सेट आपल्या नकळत एक बारीक सूर सतत सोडू शकतो. तुम्ही बोलत असेपर्यंत तो खाली चालूच असतो. गाण्याला बसणाऱ्यांना लगेच कळेल. तानपुऱ्यासारखं समजा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा खर्जातला सा साधारण ६९ हर्ट्झचा येतो. हे सूर तिथून जवळच, ६७ हर्ट्झपासून सुरू होतात आणि २५४ पर्यंत जातात. दोन सुरांत साधारण साडेतीन टक्क्यांचं अंतर. आकडे विचित्र, ७४.४, ८८.५, १२३, असे. ऐकणाऱ्या सेटमध्ये एक पहारेकरी बसवलेला असतो. ठरलेला सूर आला तरच तो स्पीकर उघडतो. सूर नसला, किंवा वेगळा असला, तर समोरचा कितीही ओरडू दे, स्पीकर मुका. आणि हा सूर आपल्या कानावर पडू नये म्हणून स्पीकरकडे जाताना तो गाळून टाकलेला असतो. याला म्हणायचं टोन. पुस्तकात सी.टी.सी.एस.एस. असं लांबलचक नाव आहे, ते विसरलात तरी चालेल.

म्हणजे ट्रकमधला १२ नंबरचा सूर सोडत होता आणि १२ नंबरचाच सूर मागत होता. घाटावरचा सूर सोडत नव्हता आणि मागतही नव्हता, म्हणून त्याला सगळ्यांचं ऐकू यायचं आणि त्याचं कुणालाच नाही.

यात नावाचाही घोळ आहे. मोटोरोला कंपनीने फार पूर्वी या युक्तीला 'प्रायव्हेट लाइन' असं नाव दिलं, आणि हल्लीच्या स्वस्त सेटवर 'प्रायव्हसी कोड' लिहिलेलं असतं. यात खाजगी काहीही नाही. ज्याने टोन बंद ठेवलाय त्याला तुमचं बोलणं अक्षरशः ऐकू येतं. टोन लावून आपल्या कानात बोळा घालतो तो आपणच, दुसऱ्याच्या नाही. आपल्या दोन कार्यकर्त्यांनी गेल्या वर्षी प्रसादाच्या हिशेबाबद्दल जे काही बोलून घेतलं, ते मी घरी बसून ऐकलं आहे. नावं सांगत नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. वडिलांचा हात धरून भिलाईला आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, पहिली ब्लास्ट फर्नेस पेटायची होती. ती ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. पुढे त्याच कारखान्यात नोकरी केली. १९८४ साली नागपूरला जाऊन हॅमची परीक्षा दिली. तेव्हा दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स द्यावा-घ्यावा लागे. महिनाभर घरात कट्ट-कड-कट्ट चाललेलं. शेजारचे बंगाली बाबू येऊन विचारून गेले की उंदीर झालेत का. राजीव गांधीसुद्धा परवानाधारक हॅम होते, हे सांगितल्यावर मात्र त्यांच्या नजरेत मी थोडा वर चढलो.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. परवाना केंद्र सरकारचा, पैसे कमवायला मनाई, बाकी बोला, शिका, प्रयोग करा. बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते, तेव्हा समोर बसलेल्या मुलांनी विचार करावा. मात्र परवान्याशिवाय हॅमचा सेट ऑनलाइन मागवून वापरू नका. तो गुन्हा आहे.

हातातल्या पाच वॅटच्या सेटवर आपल्या इथे जमिनीवरून किती लांब बोलता येतं? छत्तीसगडचं मैदान परातीसारखं सपाट. सेक्टरमधली झाडं आणि क्वार्टर मध्ये आले की चार-सहा किलोमीटर, फार तर. डोंगरगडच्या टेकडीवर उभे राहिलात तर गोष्ट वेगळी, कारण या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. म्हणून उंच जागेवर एक यंत्र ठेवतात. ते एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जोरात बोलतं. हाच रिपीटर. हॅमच्या दोन मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रीक्वेन्सी अवघ्या ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर असते, आणि बहुतेक वेळा अँटेना एकच. कारखान्यातल्या मंडळींसाठी सांगतो. रोलिंग मिलमध्ये उभं राहून तोंडाने भोंग्यातून ओरडायचं आणि त्याच वेळी कानाने पलीकडच्या माणसाची कुजबुज ऐकायची, असं हे काम आहे. ते जमतं कारण मध्ये डुप्लेक्सर नावाचे धातूचे मोठे डबे असतात, जे बोलण्याची फ्रीक्वेन्सी कानापासून दूर ठेवतात. डबे, केबल, अँटेना, यात कुठे एक सांधा जरी बिघडला तरी कान बहिरा होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिपीटरला टोन लावतात तो दाराला कडी लावावी तसा. डोंगरमाथ्यावर एकटा हॅमचा रिपीटर कुठे असतो? शेजारी टीव्हीचा मनोरा, एफ.एम., मोबाइल, सगळ्यांची जत्रा. त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून भलत्याच फ्रीक्वेन्सीवर भूत उभं राहतं आणि रिपीटर ते भूत सगळीकडे ऐकवत बसतो. टोन मागितला की भुताला आत येता येत नाही.

नवशिक्या हॅमच्या तक्रारींत निम्मी तक्रार हीच असते की मला रिपीटर ऐकू येतो, पण माझं तो घेत नाही. पहिलं कारण, टोन लावलेलाच नाही. दुसरं, सेट 'नॅरो'वर आहे. साध्या एफ.एम.मध्ये एकूण पाच किलोहर्ट्झच्या हेलकाव्यात टोनचा वाटा अर्धा ते पाऊण किलोहर्ट्झ असतो. नॅरोवर तो निम्मा होतो आणि पहारेकऱ्याला ऐकूच जात नाही. तिसरं कारण खास आपल्या देशी विजेचं. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त पॉवर सप्लायमध्ये फिल्टर नीट नसला की १०० हर्ट्झची घुंई आवाजात उतरते. आणि टोनच्या यादीत १०० हर्ट्झचाही एक टोन आहे! ज्याने तो निवडला त्याचा रिपीटर घुंईनेही उघडतो आणि घुंईमुळेच अडतोही. म्हणून आपल्याकडे १०० चा टोन शहाण्याने टाळावा.

आकाशातही हीच कडी आहे. २००२ साली सोडलेला एस.ओ.-५० नावाचा एक छोटा उपग्रह आहे, तोही रिपीटरच. त्याला आधी ७४.४ चा टोन दोन सेकंद दिला की तो दहा मिनिटांसाठी जागा होतो, आणि मग ६७ चा टोन लावून बोलायचं. बॅटरी जपायची म्हणून ही व्यवस्था. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२० पासून रिपीटर आहे, त्यालाही ६७ चाच टोन. आमच्या गच्चीवरून हाताने बनवलेल्या अँटेनावर मी तो ऐकवू शकतो. डोक्यावरून जाताना आठ-दहा मिनिटं मिळतात. ज्यांना यायचं असेल त्यांनी फोन करून यावं, चहा मिळेल.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही मी आजवर कुठे जाहीरपणे सांगितलेली नाही.

२०१० साली निवृत्त झालो आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेलो. आयुष्यभर आपण इथे 'महाराष्ट्रवाले' म्हणून ओळखले गेलो. तिथे भाजीवाल्याने पहिल्याच वाक्याला विचारलं, "काका, तुम्ही इकडचे नाही वाटतं?" मी "थैली" म्हणालो होतो, "पिशवी" नाही. तर असो. हॅम मंडळींत मात्र कुणी बोलीकडे बघत नाही. आठ दिवसांत ओळखी झाल्या. त्यांचा सह्याद्रीतल्या एका डोंगरावर रिपीटर होता. डोंगराचं नाव मी सांगणार नाही, कारण चूक आम्हा दोन-चार लोकांची होती. शहर एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला घाट उतरून कोकणातली गावं. शहरात पन्नासेक सेट, कोकणच्या बाजूला मोजून तीन.

त्या तिघांतले एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. पाच वॅटचा सेट, बांबूवर बांधलेली तांब्याच्या नळीची अँटेना, अंतर पन्नासएक किलोमीटर. आवाज बारीक यायचा पण स्वच्छ. रोज सकाळी सात वाजता पाऊस किती मिलिमीटर झाला ते सांगायचे. कुणी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचे.

२०१२ च्या श्रावणात रिपीटर बिघडला. बोलणारा थांबला तरी रिपीटर थांबेना. खर्र असा आवाज करत आपला आपणच चालू राहायचा, तीन मिनिटांचा टायमर तोडेपर्यंत. पुन्हा कुणी बोललं की पुन्हा तेच. लोक वैतागले. काहींनी सेट बंद करून ठेवले. चहावर बैठक झाली. कुणी म्हणालं शेजारच्या मनोऱ्याचं भूत आहे, कुणी म्हणालं जुना सेटच गेला. मी म्हणालो, टोन लावून टाकू. माझ्याकडे जुन्या सेटमधून काढलेलं टोनचं कार्ड होतं. उत्साह दांडगा, नवा माणूस, काहीतरी करून दाखवायचं होतं. पावसातच वर गेलो, चार टाके घातले, ८८.५ चा टोन. खरखर बंद. रिपीटर असा शांत झाला की उतरेपर्यंत पाच जणांचे फोन आले. "काका, कमाल केलीत." मला भज्यांची पार्टी मिळाली.

खरखर का थांबली याचा मी विचार केला नाही. बंद झाली म्हणजे दुरुस्त झाली, असं धरून चाललो. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाने! तिथे अलार्म वाजला आणि कुणी अलार्मची वायर काढली असती, तर मीच त्याला मेमो दिला असता.

तेव्हापासून गुरुजींचा आवाज तुटायला लागला. पहिला शब्द यायचा, मग काही नाही. "नमस्क—" आणि संपलं. त्यांनी फोन करून सांगितलं. मी म्हटलं, "गुरुजी, टोन नीट लावलाय ना?" ते म्हणाले, लावलाय. "नॅरोवर तर नाही ना?" नाही. मी म्हटलं, सेट जुना झालाय, टोन कमी सोडत असेल. त्या माणसाने पेन्शनमधून नवा जपानी सेट घेतला. जुना विकला. नव्यावरही "नमस्क—". मग मी सांगितलं, "जागा दरीतली आहे, झाडं वाढली असतील." झाडं! पावसाचे मिलिमीटर यायचे बंद झाले आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाला फारसं चुकलंही नाही. शहरातल्या पन्नास जणांचा रिपीटर उत्तम चालू होता. बैठकीत विषय निघाला तर मीच म्हणायचो, दोष त्यांच्या बाजूला आहे.

पुढच्या वर्षी, जुलै २०१३. चार दिवस पाऊस. सकाळी पावणेसातपासून रिपीटरवर नुसतं कट्ट, थोडी शांतता, पुन्हा कट्ट. आवाज नाही, शब्द नाही. हॅम लोकांत असं उगाच बटण दाबून रिपीटर जागा आहे का बघण्याची एक वाईट खोड आहे. शहरातल्या एकाने दम दिला, "कोण आहे ते? उगाच बटण दाबू नका." मीही ऐकत होतो. चहा पीत होतो. मीही मनात तेच म्हटलं.

ते गुरुजी होते. त्यांच्या गावावर दरड आली होती. वरचा रस्ता बंद, वीज दोन दिवस नाही, मोबाइलचा टॉवर आदल्या रात्री बंद पडलेला. शेजारच्या घराची भिंत पडून एक तरुण शेतकरी पायावर दगड पडून अडकला होता. त्याला बाहेर काढला होता, पण तालुक्याहून गाडी खालच्या रस्त्याने आली तरच काही होणार होतं, आणि ते कळवायचं कसं? गुरुजी कारच्या बॅटरीवर सेट लावून बोलत होते. मिनिटाला एकदा.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिला परवाना मिळून सहा महिने झाले असतील, घाटमाथ्यावरच्या मामाकडे अडकली होती. तिच्याकडे छोटा सेट. तिने ते कट्ट-कट्ट ऐकलं आणि दम द्यायच्या ऐवजी सेटवरचं 'रिव्हर्स'चं बटण दाबलं. त्याने सेट रिपीटरचं बोलणं ऐकायचं सोडून रिपीटरची ऐकण्याची फ्रीक्वेन्सी थेट ऐकू लागतो. तिला गुरुजींचा आवाज मिळाला, स्वच्छ. मग तिने रिपीटरवर येऊन सांगितलं, "सगळ्यांनी थांबा. गुरुजी बोलताहेत. मी सांगते तसं लिहून घ्या." तेव्हा घड्याळात आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पुढे फोनाफोनी, ग्रामीण रुग्णालयाची गाडी, सगळं झालं. माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. उशिरामुळे काढावा लागला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. पण पावणेसात ते आठ पस्तीस, म्हणजे एकशे दहा मिनिटं. गणित मला येतं.

पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. या वेळी कार्डाला हात लावला नाही. आधी रिपीटरचा बोलणारा भाग बंद केला आणि फक्त कान चालू ठेवला. खाली फोन पोहोचू लागला होता. गुरुजींना म्हटलं, बोला. स्वच्छ आवाज. मग बोलणारा भाग चालू केला. गुरुजी गडप, नुसती खर्र. बंद केला, गुरुजी हजर. चालू केला, गडप. तिथेच मला घाम फुटला. त्यांचा सेट, टोन, झाडं, सगळं ठीक होतं. आमचा रिपीटर तोंड उघडलं की बहिरा होत होता.

मग अँटेनाची केबल काढून जागी डमी लोड लावला, म्हणजे लहरी बाहेर न सोडता नुसती गरम होणारी एक प्रतिरोधाची पेटी. सिग्नल जनरेटरमधून अगदी बारीक सिग्नल दिला. आता बोलणारा भाग चालू असतानाही कान ठीक. म्हणजे डबेही ठीक. दोष त्यांच्या पुढे, केबल किंवा अँटेना. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक जोड होता. टेप सोडली तर आतून चमचाभर पाणी निघालं. कनेक्टर हिरवागार कळकलेला, मधली पिन काळी. अशा कळकलेल्या सांध्यातून पंचवीस वॅट गेले की तो बारीक ठिणग्या टाकल्यासारखा पट्टाभर खरखर सोडतो, आणि ती खरखर उलट फिरून थेट कानात. टोन नव्हता तेव्हा हीच खरखर रिपीटरला उघडा ठेवत होती, म्हणून सगळ्यांना ऐकू येत होती. तो सांधा ओरडून सांगत होता की मी सडलोय. मी टोन लावला. खरखरीला टोन नसतो, त्यामुळे ती बाहेर येईना. आत मात्र तेवढीच चालू होती. शहरातले जोरदार सिग्नल तिच्यावरून तरून जायचे. गुरुजींचा बारीक सिग्नल पहिल्या शब्दाने दार उघडायचा, दार उघडल्याबरोबर खरखर सुरू, आणि ते बुडायचे. कट्ट.

ती टेप कुणी गुंडाळली होती, हे कुणी विचारलं नाही. मला माझीच शंका आहे.

कनेक्टर दोनशे रुपयांचा. नवा लावला, वर जाड रबरी टेप, खाली केबलला पाणी निथळायला वळसा दिला. मग टोन काढला. खरखर नाही. गुरुजींनी पहिलं वाक्य पूर्ण बोललं: "काल एकशे बारा मिलिमीटर."

नंतरच्या बैठकीत टोन ठेवायचा की नाही यावर बराच वाद झाला. एका ज्येष्ठ सभासदाने अंदमानचं उदाहरण दिलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद हॅमच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांनी शॉर्टवेव्हवरून बाहेरच्या जगाशी संपर्क जोडला, लोकांची ख्यालीखुशाली मुख्य भूमीवर पोहोचवली. "तिथे कुणी टोन मागितला होता का?" ते म्हणाले. ज्याला ऐकू येईल त्याने उत्तर द्यायचं. दुसऱ्यांचं म्हणणं, डोंगरावर मनोरे वाढतच आहेत, कडी काढली तर भुतं येणार. दोघांचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. जून ते सप्टेंबर टोन काढायचा, भुतं आली तर सोसायची. बाकीचे महिने लावायचा, पण रिपीटरने बोलताना तोच टोन बाहेरही सोडायचा, म्हणजे अनोळखी माणसाच्या सेटला तो शोधून काढता येतो. आणि महिन्यातून एकदा सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात कमी ताकदीच्या सेटची हजेरी घ्यायची. हजेरीची वही माझ्याकडे दिली. भिलाईला परत येईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, मी ती ठेवली.

गुरुजींना भेटायला मी एकदा गावी गेलो होतो. माफी मागायची म्हणून गेलो, पण त्यांनी बोलूच दिलं नाही, सोलकढी पुढे केली. नव्या सेटचे पैसे देऊ केले तेव्हा मात्र रागावले. म्हणाले, "सेट चांगला आहे. तुमच्या सांगण्यावरून घेतला, चांगला निघाला." शेजारचा तो शेतकरी काठी टेकत येऊन बसला होता. त्याने विचारलं, एवढी खरखर थांबली होती तर तेव्हाच वर जाऊन का बघितलं नाही? मी म्हटलं, थांबली होती म्हणूनच.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. जाता जाता समितीच्या चार सेटबद्दल. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी चारही सेट माझ्या घरी आणून द्यावेत. चारही सेटचा कोड बंद करून देतो. थोडा दुसऱ्यांचा गलका ऐकू येईल, तो ऐका. बॅटऱ्या चार्ज करून आणा. आणि घाटावर उभा राहणाऱ्याने निघायच्या आधी ट्रकमधल्याला हाक मारावी, आणि ट्रकमधल्याने नुसतं "हो" न म्हणता त्याचं वाक्य परत म्हणून दाखवावं. डावीकडे या वर्षीही चिखल आहे, मी परवा बघून आलोय.